काटा हलला नाही

१

सोडावॉटरच्या कारखान्यातला फिटर मेला तो सुट्टीच्या दिवशी. मशिनं गप्प, हॉल रिकामा, बाटल्यांचे क्रेट भिंतीला रचलेले. हॉलच्या टोकाला पायऱ्या उतरून गॅसखोली आहे. तिच्या दाराशी, आतल्या बाजूला, हा माणूस पालथा पडलेला. तोंडाशी ओकारी. कोपऱ्यातल्या स्टुलावर जेवणाचा रिकामा डबा.

संध्याकाळी मॅनेजर दुसऱ्या दिवशीची तयारी बघायला आला तेव्हा त्याला हे दिसलं. त्यानं काय केलं? माणूस गेला की आहे हे बघायच्या आधी गॅस गेला की आहे हे बघितलं. सिलिंडरच्या तोंडाला, व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला, गेज असतं, दाब दाखवणारी गोल तबकडी. तिचा काटा हिरव्या पट्ट्यात, आदल्या दिवशी होता तिथंच. केसभरही खाली नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह घट्ट बंद. मग मॅनेजरनं मालकाला फोन लावला आणि पहिलं वाक्य बोलला, "साहेब, गॅस गळालेला नाही." फिटरचं नाव दुसऱ्या वाक्यात आलं.

तिथून सगळ्यांची डोकी एकाच दिशेला धावली. गॅस नाही, मग काय? ओकारी आहे, डबा आहे. डबा कोणी दिला? बायकोनं. बायकोशी पटत होतं का? फिटरचा धाकटा भाऊ याच कारखान्यात सिलिंडर चढवायचं-उतरवायचं काम करायचा. काटा जागेवर आहे, गॅस गेलेला नाही, हे त्यानंही फौजदाराला शपथेवर सांगितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "रोजची कटकट होती, साहेब. वहिनी म्हणायची, ही नोकरी सोड, नाहीतर मी माहेरी जाते." फिटरच्या आईनं सांगितलं, "त्या दिवशी मी सुनेच्या हातचं काही खाल्लंच नाही. मला वास बरा वाटला नाही." डॉक्टर म्हणाला, गुदमरल्यासारखं दिसतंय खरं, पण विषही असू शकेल. पोटातलं तपासायला पाठवतो, अहवाल यायला महिने लागतात.

गरिबाच्या बायकोला आत टाकायला अहवाल लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चौकीतल्या बाकावर बसलेली होती आणि फौजदार तिला तुरुंगात पाठवायचे कागद तयार करत होता. त्याला फक्त एक सही हवी होती, गेज बरोबर असल्याची. म्हणजे गॅसचा विषय मिटला, उरलं विष.

सही द्यायला वजनमापे खात्यातली बाई आली. तिनं गेज तपासलं, ठोकून बघितलं, दुसऱ्या गेजशी ताडून बघितलं. आणि पेन पर्समध्ये परत ठेवलं.

२

ही बाई बुटकी, रुंद आणि तोंडाची फटकळ. बाजारातले दुकानदार तिला मागून मापटंबाई म्हणत, आणि ती पुढून येताना दिसली की घाईघाईनं तराजू पुसत. तिला ते नाव माहीत होतं. तिचं म्हणणं, मापटं तर मापटं, खोटं तर नाही ना.

"करा सही, मग चहा मागवतो," फौजदार म्हणाला. ते मॅनेजरच्या केबिनमध्ये बसले होते. "गेज बरोबर आहे ना?"

"एकदम बरोबर आहे."

"मग अडलं कुठं?"

"गेज बरोबर आहे, तुमचा प्रश्न चुकलाय. गॅस किती उरलाय हे तुम्ही गेजला विचारताय. त्याला ते माहीतच नाही."

मॅनेजर हसला. शिकलेला माणूस बाईमाणसाला समजावून सांगताना हसतो तसा. "मॅडम, काटा खाली आला की गॅस कमी झाला. शाळेतलं पोरगंही सांगेल."

"ऑक्सिजनचं सांगेल. ऑक्सिजन नुसता दाबून भरलेला असतो. निम्मा वापरला की काटा निम्म्यावर. हा सोड्याचा गॅस तसा नाही. दाबाखाली तो पातळ होतो आणि पाण्यासारखा तळाला बसतो. वर थोडी वाफ राहते. तुमचं गेज त्या वाफेचा दाब सांगतं. वाफ काढून घेतली की खालचं पातळ थोडं उकळतं आणि रिकामी जागा भरून काढतं. दाब पुन्हा तेवढाच. तळाला थोडंसं पातळ शिल्लक आहे तोवर काटा ढिम्म हलत नाही. भरलेला सिलिंडर जे दाखवेल तेच संपत आलेलाही दाखवेल. पातळ संपलं की मग काटा धाडकन खाली येतो, पण तेव्हा कळून काय उपयोग?"

"काहीतरीच!" मॅनेजर तावातावानं म्हणाला. "अहो, मागच्या थंडीत आलेली अख्खी गाडी मी परत पाठवली. सगळ्या सिलिंडरचे काटे खाली होते. सप्लायर कमी भरून देत होता."

"थंडीत काटा खाली येणारच. गार पडलं की दाब उतरतो. गॅस पुरेपूर होता. तुम्ही भरलेली गाडी परत पाठवलीत."

फौजदारानं तोंडावर रुमाल धरला. हसू दाबायला होता की घाम पुसायला, ते सांगता येत नाही. मॅनेजरचे कान लाल झाले.

"मग गॅस किती आहे ते कळणार कसं?" फौजदारानं विचारलं.

"तोलून. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. आत्ताचं वजन घ्यायचं, त्यातून ते वजा करायचं. जे उरेल तो गॅस."

"फिटरही हेच बडबडायचा," मॅनेजर पुटपुटला. "तोला, तोला. डोकं खायचा नुसता."

"त्याचं डोकं आता कोणी खात नाही," बाई म्हणाली. "चला, खोली दाखवा."

३

खोली लहान होती. चार बाजू सिमेंटच्या, वर एक दिवा, जमिनीजवळ मागच्या गल्लीकडे उघडणारी लोखंडी झडप. झडपेची कडी गल्लीच्या बाजूला. भिंतीत वर एक मोठं गोल भोक, त्यातून आकाशाचा तुकडा दिसत होता. भोकाला पत्रा ठोकला होता, त्याचा एक कोपरा वाकलेला.

"इथं पंखा होता वाटतं?"

"होता," मॅनेजर म्हणाला. "मालकांच्या बंगल्यावर नेला. तात्पुरता."

"कधीपासून तात्पुरता?"

मॅनेजरला आठवलं नाही. अशा गोष्टी आठवायचा पगार त्याला मिळत नव्हता.

बाई गुडघ्यांवर बसली. पाइपाला जोडलेल्या सिलिंडरच्या बुडाभोवती सिमेंटवर ओलाव्याचं पुसट वर्तुळ होतं, कडेला गंजाची ताजी पिवळी रेघ. बाकीची जमीन कोरडी खडखडीत. मग ती दाराकडे गेली. दार जाड लाकडाचं, कडी बाहेरून. आतल्या बाजूला खालच्या अंगाला ओरखडे होते, लाकडाचा नवा रंग दिसेल इतके.

"विष चढल्यावर माणूस तडफडतो," फौजदार म्हणाला. "नखं मारतो."

"तडफडणारा माणूस जागच्या जागी तडफडतो. हा दाराशी येऊन दाराला नखं मारतोय. तुम्ही आलात तेव्हा दार कसं होतं?"

"लोटलेलं," मॅनेजर म्हणाला. "कडी नव्हती."

"मग तो बाहेर का नाही आला?"

दाराबाहेर, बोळात, खिळ्याला एक लांब दांड्याची चावी टांगलेली होती. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हातानं फिरत नाही, या चावीनंच उघडतो आणि मिटतो. बाईनं विचारलं, "काल संध्याकाळी ही इथंच होती?"

"नेहमी इथंच असते. कालही होती. का?"

"सहज."

ती सहज काही विचारत नाही हे फौजदाराला एव्हाना कळलं होतं. ती वळसा घालून मागच्या गल्लीत गेली. तिथली जमीन खोल होती, झडपेखालून उघडं गटार जात होतं. गटाराच्या कडेला, झडपेच्या बरोबर खाली, मांजराची दोन पिल्लं पडली होती. अंगावर जखम नाही, रक्त नाही. एकमेकांना बिलगून झोपल्यासारखी मेलेली.

बाईनं फौजदाराला हाक मारली आणि बोट दाखवलं.

"ह्यांना डबा कोणी दिला होता, फौजदार?"

४

फिटरची बायको चौकीत बाकाच्या टोकाला बसली होती. रडून रडून डोळे सुजलेले असतील अशी बाईची अपेक्षा होती. डोळे सुजले होते, पण तोंड शाबूत होतं.

"तुम्ही कोण? आणखी एक साहेब?"

"वजनमापे खात्यातली. तुझा डबा नाही, कारखान्याचा सिलिंडर तपासायला आलेय."

"मग तिकडे जा. इथं तोलायला मीच आहे फक्त."

"नवऱ्याशी भांडण होतं?"

"होतं की. कोणाचं नसतं? विष घालायचं असतं तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी घातलं असतं, तेव्हा खरं कारण होतं." तिनं नाक पुसलं. "ती खोली बरी नव्हती. पंखा नव्हता. यांचं डोकं दुखायचं, घरी आले की उलट्या. मी म्हणायचे, सोडा ती नोकरी. हे म्हणायचे, मी सोडली तर दुसरा मरेल तिथं. हे आमचं भांडण."

"डब्यातलं आणखी कोणी खाल्लं?"

"मी खाल्लं. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं."

"त्या म्हणतात, शिवलेसुद्धा नाही."

तिनं मान वर केली. "आई असं बोलल्या?"

"लिहून दिलंय. अंगठा आहे."

बाईनं पुढचं विचारलं, "सुट्टीच्या दिवशी तो कारखान्यात का गेला?"

"गॅस चोरीला जायचा. आठवड्याच्या सुट्टीला कोणीतरी चालू सिलिंडरमधून लहान बाटल्या भरून न्यायचं आणि सरबताच्या गाड्यांना विकायचं. काटा हलत नाही, म्हणून कोणाला पत्ता नाही. हे एकटे तोलून बघायचे, म्हणून यांना कळलं. म्हणाले, आज समोरासमोर बोलतो, वर कोणाला सांगत नाही."

"कोणाशी बोलणार होता?"

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तुला ठाऊक आहे."

"यांनी शपथ घातलीय."

"अगं, तुला आत टाकतायत! शपथ कसली धरून बसलीस?"

"ते जिवंत असते तर मोडली असती, आणि भांडलेही असते," ती म्हणाली. "आता कोणाशी भांडू?"

फौजदार दारात उभा राहून ऐकत होता. "संध्याकाळी हिला पाठवायचंय," तो हळू आवाजात म्हणाला. "वरून फोन आलाय. मालकांनी केलेला दिसतो."

बाई उठली. "तोवर मला एक वजनकाटा द्या."

५

कारखान्याच्या मागच्या आवारात माल तोलायचा मोठा वजनकाटा होता. बाईनं आधी स्वतःची प्रमाणित वजनं टाकून तो खरा आहे की खोटा हे बघितलं. खरा होता. या कारखान्यात खरं बोलणारी तेवढी एकच वस्तू, आणि तिच्यावर कोणी काही ठेवत नव्हतं.

सिलिंडर आणायला धाकटा भाऊ आला. खांदे रुंद, मान जाड, डोळे लाल. सिलिंडर तिरका करून बुडाच्या कडेवर गरगर फिरवत नेतात. तो डाव्या हातानंच फिरवत होता. उजव्या तळव्याला फडकं गुंडाळलेलं.

"हाताला काय झालं?"

"चहा सांडला, बाई. काल. भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा कप हातातून सुटला."

"अरेरे. दाखव बघू."

"राहू द्या. आईनं हळद भरून बांधलंय."

सिलिंडर काट्यावर चढला. बाईनं खांद्यावर ठोकलेला आकडा वाचला, काट्यावरचा आकडा वाचला, मनातल्या मनात वजाबाकी केली. फौजदार तिच्या तोंडाकडे बघत होता.

"भरताना तीस किलो. आत्ता अकरा. फिटरनं हा नवा सिलिंडर आदल्या संध्याकाळी जोडला, असं तुम्ही म्हणालात, मॅनेजर?"

"सील माझ्यासमोर तोडलं," मॅनेजर म्हणाला. त्याचा आवाज आता बारीक झाला होता. "आणि मग कारखाना बंद झाला. एक बाटलीही भरली नाही."

"म्हणजे एकोणीस किलो गॅस सुट्टीच्या दिवशी गेला. त्या खोलीत तो सोडला तर तिथल्या हवेचा तिसरा हिस्सा हाच गॅस होतो. त्याच्या निम्म्यानंही माणूस आडवा पडतो. आधी डोकं गरगरतं, मग ओकारी, मग शुद्ध जाते. डबा कितीही चांगला असला तरी."

फौजदारानं टोपी काढली आणि परत घातली.

तेवढ्यात धाकटा भाऊ पुढे झाला. "पण बाई, हा सिलिंडर आलाच होता कमी भरून. सप्लायर लबाड आहे. गाडीतून उतरवतानाच मला हलका लागला होता. मी रोज फिरवतो ना, हाताला कळतं."

मॅनेजरच्या जिवात जीव आला. "बघा! मी म्हणतच होतो!"

"असं का?" बाई म्हणाली. "त्याच गाडीतले बाकीचे आहेत ना सीलबंद? आणा सगळे."

एकेक सिलिंडर काट्यावर चढला. प्रत्येकात तीस. एकही कमी नाही. शेवटचाही उतरवून झाला. बाईनं हात झटकले आणि म्हणाली, "फौजदार, दार लावून घ्या. आता कोणी बाहेर जायचं नाही."

६

"सगळ्यांना बसू दे," ती म्हणाली. पण बसलं कोणीच नाही.

"पहिली गोष्ट. गॅस त्या खोलीतच गेला. घाईनं गॅस सोडला की आतलं पातळ उकळतं, सिलिंडर थंडगार पडतो, बाहेरून बर्फ धरतो. तो वितळला की बुडाशी पाणी. त्याचा डाग जमिनीवर आहे. आणि हा गॅस हवेपेक्षा जड, पाण्यासारखा उताराला धावतो. तो झडपेतून गटारात उतरला आणि पिल्लं मारून गेला. झडप बाहेरून उघडते. म्हणजे खोलीत गॅस भरलाय हे माहीत असलेल्या माणसानं, तो निघून जावा म्हणून, गल्लीत जाऊन झडप उघडली."

"फिटरनंच गॅस सोडला असेल," फौजदार म्हणाला. "जीव द्यायला."

"मग व्हॉल्व्ह बंद कोणी केला? चावीशिवाय तो मिटत नाही, चावी बाहेर खिळ्याला, आणि फिटर आत दाराला नखं मारतोय. कडी बाहेरून लागलेली होती, नंतर काढली. हे सगळं एकाच माणसानं केलं. कोणी, ते आता सांगते." तिनं मॅनेजरकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "तुम्ही नाही. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?" मॅनेजर म्हणाला आणि वजनकाट्याच्या कडेवर बसला.

"सिलिंडरमध्ये अकरा किलो उरलाय. तळाला थोडंसं पातळ, काटा जागेवर राहील इतपतच. आणखी थोडा गॅस गेला असता तर काटा खाली आला असता आणि मॅनेजर बोंबलत सुटले असते, गॅस गळाला, गॅस गळाला. ज्यानं व्हॉल्व्ह मिटला त्यानं सिलिंडरला हात लावून बघितलं, बर्फ कुठवर आहे, आत पातळ किती उरलंय. काटा पडायच्या आत, दम रोखून आत शिरून, त्यानं व्हॉल्व्ह मिटला. त्याला ठाऊक होतं की या कारखान्यात सगळे काट्यावर भरवसा ठेवतात आणि काटा खोटी साक्ष देतो. हे मॅनेजरला ठाऊक नव्हतं, त्यांनी भरलेली गाडी परत पाठवली. मालकाला सिलिंडर कुठल्या तोंडानं उघडतो हेही माहीत नसेल. फिटरची बायको कधी त्या खोलीत उतरली नाही. ठाऊक दोघांना होतं. एक मेला."

कोणी धाकट्याकडे बघितलं नाही, तरी सगळ्यांना तो दिसत होता.

"काल तू फौजदारांना सांगितलंस, काटा जागेवर आहे, गॅस गेलेला नाही. आज म्हणतोस, सिलिंडर हलका लागला होता, कमी भरलेला होता. काटा पूर्ण दाखवत असताना सिलिंडर हलका असू शकतो हे तुला माहीत होतं, मग काल काट्याची शपथ का खाल्लीस? हात सोड बघू आता."

त्यानं हात मागे घेतला. फौजदारानं मनगट धरलं आणि फडकं सोडलं. तळव्यावर, बोटांच्या आतल्या बाजूला, आडवा पांढरा पट्टा होता, कडेला फोड आलेले.

"चहा असा रेघ ओढून सांडत नाही. सुटत्या गॅसची नळी उघड्या हातानं धरली की असं होतं. गारठ्यानं भाजतं."

तो स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिला, जणू दुसऱ्याचा हात आहे.

"मी लहान बाटली भरत होतो," तो म्हणाला. "भाऊ आला. म्हणाला, आत्ताच्या आत्ता बंद कर, नाहीतर आईला सांगतो. मी बाटली ओढून काढली, नळी हातातून सुटली, गॅस सुटला. तो ओरडला, चावी दे. मला राग आला. लहानपणापासून तो मला ओरडतोय. मी बाहेर पडलो, कडी घातली. थोडा वेळ कोंडतो म्हटलं. थोडा वेळच."

"कडी रागानं घातलीस, मानलं," बाई म्हणाली. "चावी का नेलीस?"

त्यानं सुटलेलं फडकं पुन्हा तळव्याला गुंडाळायला घेतलं.

"नळीला तोटी असती तर त्यानं तिथंच गॅस बंद केला असता. गॅस बंद करायचा एकच मार्ग होता, ती चावी. ती तुझ्या हातात होती. दाराच्या पलीकडून तो हाका मारत होता ना?"

"मारत होता," तो म्हणाला. मग हळूच, कोणाला तरी समजावत असल्यासारखं, "नंतर थांबला."

७

फौजदारानं धाकट्याला नेलं आणि फिटरच्या बायकोला सोडलं. तिची माफी कोणी मागितली नाही. फौजदार म्हणाला, "कागद बदलावे लागतील आता," आणि एवढं बोलून त्याला बरं वाटलं. मॅनेजरनं मालकाला फोन केला. पहिलं वाक्य होतं, "साहेब, आपला काही संबंध नाही, घरातलं भांडण निघालं." पंख्याचा विषय कुठल्याच कागदात आला नाही. ज्या भोकाला पत्रा ठोकलेला होता त्याच्यावर दुसऱ्याच दिवशी रंग मारला, म्हणजे साहेब लोक तपासणीला आले तर बरं दिसावं. उद्या त्या खोलीत दुसरा फिटर उतरेल. त्याचंही डोकं दुखेल आणि त्याचीही बायको भांडेल.

मापटंबाईला घरी जायचं होतं. तिचं काम संपलं होतं. पण ती फिटरच्या बायकोबरोबर कारखान्यामागच्या चाळीपर्यंत गेली, कारण वाटेत दारादारांत बायका उभ्या होत्या आणि कोणीतरी सोबत असावं असं तिला वाटलं. सकाळी तोंड फिरवणाऱ्या बायका आता टक लावून बघत होत्या. एक म्हणाली, "आम्हाला माहीतच होतं गं, तू तसली नाहीस." फिटरच्या बायकोनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"शपथ मोडून सांगून टाकायला हवं होतंस," बाई चालता चालता म्हणाली. "तुझा नवरा कोणाशी बोलायला गेला होता ते पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर..."

"तर काय? माझ्यावर विश्वास ठेवला असता? दिरावर ढकलते म्हणाले असते." तिनं पदर सावरला. "आणि हे म्हणाले होते, आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस. ती मरेल. हे स्वतःच मेले."

घराच्या उंबऱ्यात सासू बसली होती. पांढरे केस सुटलेले, पाय बाहेर सोडलेले, दोन्ही हात मांडीवर उपडे. तिला कळलेलं होतं. किंबहुना तिला सगळ्यांच्या आधी कळलेलं होतं. भाजलेला हात काय असतो आणि गारठलेला हात काय असतो, हळद भरताना तिच्या बोटांना समजलं असणारच. म्हणून तर तिनं सुनेच्या हातच्या जेवणाला शिवले नाही असं सांगितलं. एक पोरगा गेला होता, दुसरा जाऊ नये म्हणून तिनं सून पुढे केली. सून काय, दुसऱ्याच्या घरातून आलेली.

"आई," फिटरची बायको म्हणाली.

म्हातारीनं वर बघितलं. डोळे कोरडे होते. ती भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "तूच घातलं असतंस विष, तर माझा एक तरी उरला असता."

मापटंबाईनं तोंड उघडलं. सांगायला तिच्याकडे बरंच होतं, गॅस, चावी, कडी, एकोणीस किलो. आयुष्यभर ती लोकांना हेच सांगत आली होती की तोलून बघा, खरं ते कळेल. तिनं तोंड मिटलं.

फिटरची बायको उंबऱ्यापाशी वाकली. चपला काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या. मग सरळ उभी राहिली.

"सरका आई," ती म्हणाली. "मला आत जाऊ द्या."

सासू सरकली नाही.